भरल्या अंगाची उपासमार

४ फेब्रुवारी

धाकटे,

फोनवर तू मला बंद करून ठेवलंयस, तुझ्या चॅनलवरूनही हाकललंयस. टपालानं आलेल्या माणसाला हाकलायची सोय अजून कुणी काढलेली नाही, म्हणून हा कागद. फाडायचा असेल तर फाड, पण वाचून फाड.

कालचा रविवार मी पाहिला, ऑफिसातल्या एका बाईच्या फोनवर. ती तुझी भक्त आहे. तू माझी सख्खी बहीण हे तिला ठाऊक नाही आणि मीही सांगितलं नाही. तुझ्या पार्लरातली मधली खुर्ची बाजूला सरकवलेली, फरशीवर वजनकाटा, काट्यावर तुझी लेक. लोकांनी शुक्रवारपासून आकडे लावायचे, ज्याचा आकडा बरोबर त्याचं नाव तू वाचून दाखवायचं, आणि लेकीनं कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. घोड्यांवर असेच आकडे लागतात. घोड्याला निदान कळत तरी नाही.

तू बिनबाह्यांचे कपडे घातले होतेस, मागे पंखा गरगरत होता. पोरीच्या अंगात गळ्यापर्यंत स्वेटर. काट्यावरून उतरताना तिचा हात खुर्चीची पाठ शोधत होता. खुर्ची तू सरकवलेली. हाताला काही लागलं नाही तेव्हा तिनं डोळे मिटले आणि तशीच उभी राहिली. तू विजेत्यांची नावं वाचत होतीस. मला एकही नाव ऐकू आलं नाही.

आता तू म्हणशील, ताईला जुना राग काढायचाय. राग आहेच. मागच्या वर्षी तू माझा बसडेपोच्या फाटकावरच्या द्वारसभेतला फोटो लावलास, तोंड उघडं, हात वर, पोट पुढे, आणि खाली म्हणालीस, ‘माझ्या लेकीचं मला हे होऊ द्यायचं नाहीये.’ हे म्हणजे मी. पन्नाशीला आलेली तुझी बहीण एका शब्दात मावली. त्यावर मी फोन करून तुला जे बोलले ते मी आज मागे घेत नाही, पण ते आणि हे वेगळं आहे. तो माझा अपमान होता. हा तुझ्या लेकीच्या जिवाचा प्रश्न आहे. ती आजारी आहे, धाकटे. तिला डॉक्टरकडे ने. वजन कमी करणाऱ्या नव्हे, नाडी बघणाऱ्या डॉक्टरकडे.

आणि तो रविवार बंद कर. नाहीतर मलाही माइक धरता येतो, हे तुला माहीत आहे.

इकडचं म्हणशील तर डेपोत आमचं साखळी उपोषण सुरू झालंय. सफाईच्या बायकांना एका फटक्यात घरी बसवून ठेकेदार आणलाय. फाटकापाशी मंडप टाकलाय, रोज सकाळी नवी माणसं उपाशी बसतात आणि आदल्या दिवशीची उठतात, म्हणजे कुणी मरत नाही आणि मंडप रिकामा पडत नाही. मी पासची खिडकी सांभाळून तिथेच असते. मी ठणठणीत आहे.

ताई

१२ फेब्रुवारी

धाकटे,

कागदाला कागदानं उत्तर नाही, पण परवाच्या रविवारी तू कॅमेऱ्यात बघून म्हणालीस की काही लोकांना दुसऱ्याच्या लेकीचं भलं बघवत नाही. पोचलं. हजारो माणसांच्या हाती निरोप पाठवायची ही तुझी रीत मला आवडली, टपालखर्च वाचतो.

तुझ्या कानावर आलंच असेल, माझं द्वारसभेतलं भाषण कुणीतरी कापून फिरवलंय. मी त्यात सांगतेय की पंधरा-पंधरा वर्षं ज्या बायकांनी तुमच्या बसमधली ओकारी पुसली त्यांना नावानं ओळखणारा एकही साहेब या इमारतीत नाही. चांगलं भाषण होतं. खाली मात्र सफाईच्या बायकांविषयी कुणी अक्षर लिहिलेलं नाही. सगळे माझ्याविषयी बोलतात.

मला त्याचं काही नाही. सभा गाजवणाऱ्या माणसाची कातडी जाड लागते, आणि जाडीची आपल्याकडे ददात नाही. एकानं लिहिलंय, ‘हिनंच सगळ्यांचा घास खाल्ला, म्हणून बायका उपाशी.’ एक म्हणतो, फाटक बंद करायला कुलूप कशाला, ही उभी राहिली की झालं. एक बाई आहे, तिनं आईच्या मायेनं लिहिलंय की ताई, तुमचे विचार फार सुंदर आहेत, जरा तब्येतीकडे लक्ष द्या, म्हणजे लोक ऐकतील. आणि एकानं लिहिलंय, ‘हिला बसवा उपोषणाला, सरकार पडेपर्यंत टिकेल.’ हा विनोद आमच्याच एका कंडक्टरनं मंडपात मोठ्यानं वाचून दाखवला. सगळे हसले. मीही हसले. मला हे सगळं पाठ झालंय असं तुला वाटत असेल, तर तसं नाही. सहज लक्षात राहिलं.

माणसं कमी पडताहेत. कुणाला साखरेचा आजार, कुणाची पोरं लहान, कुणाला साहेबाची भीती. युनियनचे सरचिटणीस माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘ताई, तुमच्या अंगावर भरपूर साठा आहे. तुम्हाला काय होतंय?’ म्हणून दोघींच्या पाळ्या मी घेतल्या. आमच्यात एक म्हातारा ड्रायव्हर आहे, प्रत्येक हवालदाराशी कायद्यानं भांडतो म्हणून त्याला सगळे वकील म्हणतात. तो म्हणाला, साखळीत एकच कडी लागोपाठ लावायची नाही, अशानं साखळी तुटते. मी त्याला त्यागावर असं भाषण ठोकलं की बिचारा बिडी ओढायला निघून गेला. मागे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला झेपतं. मला नेहमीच झेपलंय.

तुझ्या लेकीचा परवाचा चेहरा मात्र मला झेपला नाही. गाल आहेत तसेच आहेत, त्यावर जाऊ नकोस. ओठ बघ. निळसर आहेत, आणि तू त्यावर लिपस्टिक लावलीयस.

रविवार बंद झालेला नाही. मी माझ्या उत्तराचा मसुदा केलाय. पुढच्या द्वारसभेत बोलेन, नाव घेऊन बोलेन.

ताई

२० फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी का होईना, तुझ्या अक्षरात आहेत. तू लेकीला आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे नेलंस. त्यांनी तिला काट्यावर उभं केलं, मागच्या वर्षीचा आकडा काढला, पाठ थोपटली आणि म्हणाले, छान चाललंय, असंच चालू ठेवा, सगळ्या आया अशा असत्या तर माझा दवाखाना बंद पडला असता. मग तू मला लिहितेस, ‘आता झालं समाधान? तू आधी स्वतःकडे बघ.’

समाधान झालं नाही. त्यांनी तिची नाडी मोजली का? रक्त तपासलं का? पाळी कधी आली होती हे विचारलं? जेवतेस का, असं विचारलं? तू लिहिलं नाहीस, कारण त्यांनी विचारलं नसणार. दारातून आत येतानाच त्यांनी तिचा आजार ठरवला होता, आणि तो आजार कमी होताना त्यांना दिसला. घर जळत असताना उजेड छान पडलाय म्हणणारी ही जात आहे.

मी आयुष्यभर भुकेबद्दल वाचत आलेय. दुष्काळ, वेढे, तुरुंग, छावण्या. त्या सगळ्याची चित्रं काढणाऱ्यांनी नेहमी बरगड्या काढल्या. म्हणून बरगड्या दिसत नाहीत तिथे भूक नाही, असं जगानं ठरवून टाकलं. पण शरीर काही चित्रकाराला विचारून उपाशी राहत नाही. अन्न तोडलं की भरल्या अंगाचं काळीजही मंदावतं, भरल्या अंगालाही थंडी वाजते, भरल्या अंगाचंही रक्त फिकं पडतं. फरक एवढाच की सडपातळ पोर जेवेनाशी झाली तर घर हवालदिल होतं, आणि जाड पोर जेवेनाशी झाली तर घर टाळ्या वाजवतं. आजार तोच. एकीला खाट मिळते, दुसरीला बक्षीस.

हे मला कुठून माहीत, ते आता सांगते. कॉलेजात असताना मी वक्तृत्वाच्या ढाली आणायचे, तुला आठवत असेल. शेवटच्या वर्षी एका स्पर्धेत मी व्यासपीठावर कोसळले. तू तेव्हा चौथीत होतीस. घरात तुला सांगितलं की ताईला अभ्यासाचा ताण आला. ताण नव्हता. मी जेवत नव्हते, आणि जेवत नव्हते हे कुणाला कळू देत नव्हते, आणि त्या संपूर्ण वर्षात मला भेटणारा प्रत्येक माणूस म्हणत होता, किती छान दिसतेस. आईनं माझे जुने कपडे आनंदानं वाटून टाकले. डॉक्टर म्हणाले, जरा अशक्तपणा आहे, पण वजन मस्त उतरतंय, सोडू नका.

पुढे एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंनी माझं मनगट हातात धरलं आणि विचारलं, ‘शेवटची पोटभर कधी जेवलीस?’ मला रडूच फुटलं. जाड माणसाला जन्मभर सगळे विचारतात, किती जेवतेस. कधी जेवलीस, हे तोवर मला कुणीच विचारलं नव्हतं.

त्यांनी मला बरं केलं. ते तेव्हाच संपलं. जुनी गोष्ट आहे.

तू माझं ऐकणार नाहीस, डॉक्टरांचं ऐकशील, ठीक आहे. पण तू केसांची माणूस आहेस. रस्त्यातून जाणाऱ्या बाईच्या केसावरून तू सांगतेस की तिचं बाळंतपण झालंय की तिला ताप येऊन गेलाय. तर मग स्वतःच्या लेकीचे केस तू शेवटचे कधी धुतलेस? कॅमेऱ्यासाठी वरून फणी फिरवणं सोडून दे. तिला बेसिनपाशी बसव, मान मागे टाकायला सांग आणि धू. मग हातात काय येतं ते बघ. मी काहीही म्हणत नाही. तुझ्या हातांना विचार.

ताई

२८ फेब्रुवारी

धाकटे,

तुझी लेक काल मंडपात आली होती. तुला माहीत नसेल. रागावू नकोस तिच्यावर.

शाळा सुटल्यावर आली, दप्तर पाठीवर तसंच. मी फाटकाशी सतरंजीवर होते. आमच्यातला एक जण म्हणाला, ‘ही नक्की तुमची भाची, शिक्काच मारलाय.’ माणूस मनानं चांगला आहे. पोरीनं स्वेटर खाली ओढला. मी तिला लहानपणीच्या लाडानं ढब्बू म्हणून हाक मारली, तर म्हणाली, मावशी, ते म्हणू नकोस आता. म्हणून मीही लिहिताना तिला तुझी लेक म्हणते, आणि तूही आता ते नाव सोड.

जवळ बसली. मला वाटलं तिला मोकळं व्हायचं असेल. मी काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते, तुला माहीत आहे माझी सवय. तिनंच विचारलं,

‘मावशी, तुला कसं जमतं गं?’

मी विचारलं, काय जमतं?

‘हे. सगळे सांगतात, तू लागोपाठ बसलीस आणि तुला काहीच झालं नाही. मला संध्याकाळी नाही जमत. दिवसभर जिंकते आणि संध्याकाळी हरते. मग दुसऱ्या दिवशी जास्त करावं लागतं.’

ती माझं भाषण रोज बघते म्हणाली. आवाज बंद करून बघते. खालचं लिहिलेलं सगळं तिनं वाचलंय, माझ्यावरचं आणि तिच्यावरचं, आणि तिला वाटतं की आम्हा दोघींना मिळून जगाला काहीतरी दाखवून द्यायचंय. तिच्या डोळ्यांत माझ्याविषयी जे होतं ते मी माझ्या कुठल्याही सभेत कुणाच्या डोळ्यांत पाहिलेलं नाही. मला पळून जावंसं वाटलं.

तिच्या प्रश्नाला मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते इथे लिहीत नाही. साधंच होतं.

मग मी तिला म्हटलं की पुढच्या द्वारसभेत मी तुझ्या आईच्या त्या रविवारावर बोलणार आहे, कुणाला तरी बोलायलाच हवं. ती अशी दचकली की जवळच्या बायका वळून बघायला लागल्या.

‘नको, मावशी. आई रविवारी बोलते माझ्यावर. आता तू पण बोलशील. मग मी कुठे जाऊ?’

मी मसुदा फाडलाय. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा एक भाषण न करता उतरले. तुला धमकी दिली होती ती मागे घेते. पण धमकी मागे घेतली म्हणजे गरज संपली असं नाही. तिची बोटं बर्फासारखी होती. उठताना तिला भोवळ आली, ती तिनं बुटाची नाडी बांधायचं सोंग करून लपवली. हे सोंग मला लगेच ओळखू आलं. केस धुतलेस का?

ताई

७ मार्च

धाकटे,

वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. आपण पाळ्या लावल्यात, सकाळ-संध्याकाळ तू, दुपारी मी, आणि एक जिन्यातून वर येते तेव्हा दुसरी लिफ्टनं खाली जाते. आईच्या आजारपणात आपण दोघी एका पांघरुणात झोपायचो. असो. हा कागद मी सिस्टरकडे देऊन जाईन.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी खिडकीवर होते. रांगेतला माणूस काचेवर नाणं वाजवत होता. तू फक्त एवढंच म्हणालीस, ‘ताई, केस. मुठीत आले.’ आणि मग लगेच, ‘आता शाळेतून फोन होता.’ तू आदल्या दिवशी तिचे केस धुतलेस, दुसऱ्या दिवशी दुपारी चांगल्या डॉक्टरकडे न्यायचं ठरवलंस, सकाळी ती शाळेच्या जिन्यात बसली. जिन्यातून जाणाऱ्या मास्तरांना वाटलं, जाड मूल आहे, दम लागला असेल. पाणी देऊन बसवून ठेवलं. मधली सुट्टी होऊन गेली तरी ती उठेना, तेव्हा त्यांना संशय आला. आपल्याही डोळ्यांवर तीच पट्टी होती, फक्त आपली जरा आधी सुटली.

इथली डॉक्टर मुलगी तरुण आहे, पण सरळ बोलते. मला म्हणाली, हृदयाचे ठोके फार मंद आहेत, रक्तातले क्षार बिघडलेत, एकदम पोटभर घालणंही धोक्याचं आहे. जीव वाचेल का, असं मी विचारलं. ‘आत्ता या तासाला वाचलाय. पुढचं आपण रोज ठरवू,’ म्हणाली. मला असलं उत्तर देणारी माणसं आवडतात. त्या क्षणी मात्र आवडलं नाही.

ताट घेऊन येणारी वॉर्डातली बाई दारात थबकली, पोरीकडे बघितलं, खाटेचा नंबर बघितला आणि म्हणाली, ‘हिला खायला घालायचंय? मला वाटलं खाट चुकली.’ पोर भिंतीकडे वळली. मी त्या बाईच्या हातातलं ताट घेतलं. तिचं काय चुकलं? तीही तेच बघते जे सगळे बघतात.

इथला नियम तुला सांगितलाच असेल. जेवणाच्या वेळी घरच्या माणसानं समोर बसायचं, अगदी तसंच ताट घ्यायचं, आधी घास आपण घ्यायचा आणि संपेपर्यंत आपणही खायचं. समजूत घालायची नाही, शाबासकी द्यायची नाही, अन्नावर बोलायचं नाही. फक्त सोबत जेवायचं.

दुपारचं जेवण बरं झालं. तिनं थोडं खाल्लं. काळजी करू नकोस.

ताई

११ मार्च

धाकटे,

काल तू काही टाकलं नाहीस. ऑफिसातली ती बाई आज सकाळपासून फोन चोळत होती. खाली लोक आकडा विचारताहेत. कुणी म्हणतं, वाढलं असणार म्हणून लपवतात. कुणी म्हणतं, आम्ही एवढा पाठिंबा दिला त्याची ही किंमत. मी ते वाचत बसले होते आणि तुझी आठवण आली, एवढ्या माणसांचं ऐकायचं म्हणजे किती दमत असशील तू. मी तुला कधी हे विचारलंच नाही. नवरा गेल्यानंतर त्या रिकाम्या पार्लरमध्ये तुझं ऐकायला तेवढीच माणसं होती, आणि मी फाटकावर जगाशी भांडत होते.

आता जे लिहितेय ते घाईघाईत लिहितेय, नाहीतर मी ते सजवेन.

दुपारचं जेवण बरं झालं, हे मी तुला खोटं लिहिलं. एकही दुपार बरी झालेली नाही. नियमाप्रमाणे ताट माझ्यासमोर येतं, मऊ भात, उकडलेल्या भाज्या, दही, वाटीभर कसलंतरी गोड. मी चमचा उचलते. तो वर येत नाही. मी काहीतरी विनोद करते, सिस्टरला हाक मारते, पाणी पिते, पोरीला गोष्ट सांगते, आणि ताट परत जातं तेव्हा ते जेवलेल्या माणसाचं वाटावं अशी तजवीज केलेली असते. सगळ्यांना वाटतं मी जेवले. माझ्याकडे बघून कुणाला दुसरं वाटणार?

काल पोरीनं तिचा चमचा खाली ठेवला आणि अगदी हळू म्हणाली, ‘मावशी, मला नको फसवूस. मला हे सगळं येतं.’

मग ती म्हणाली, ‘तू खा. तू खाल्लंस की मी खाईन. खरंच खाईन.’

मी नाही खाऊ शकले. ती वाट बघत राहिली. तिचं ताट भरलेलं परत गेलं, माझंही. मग नळी लावली. तू संध्याकाळी आलीस तेव्हा तिच्या नाकाला चिकटपट्टी बघून सिस्टरवर चिडलीस असं कळलं. सिस्टरवर चिडू नकोस. ती नळी माझ्यामुळे लागली.

उपोषणाच्या पाळ्या मी त्यागानं घेतल्या नव्हत्या. ते भाषण कापून फिरवलं त्या दिवसापासून माझ्या घशाखाली अन्न उतरत नव्हतं, आणि मंडपात न जेवण्याला टाळ्या होत्या. माझ्या माणसांनी प्रेमानं मला उपाशी बसवलं. मी त्यांना बसवू दिलं. तुला काट्यावरून शिव्या घालत होते तेव्हा मी स्वतः भर रस्त्यात, फलक लावून, तेच करत होते. कॉलेजातलं ते तेव्हाच संपलं असंही मी तुला लिहिलं होतं. ते संपत नसतं. ते दबा धरून बसतं.

आणि तिला दिलेलं ते उत्तर. मंडपात तिनं विचारलं होतं, तुला कसं जमतं. मी म्हणाले, ‘सवय होते गं.’ एवढंच. तीन शब्द. जन्मभर मी लाखो शब्द बोलले, त्यातल्या किती जणांनी किती मनावर घेतले देव जाणे. पण या पोरीनं ते तीन घेतले. त्यानंतर संध्याकाळचंही बंद केलं तिनं. डॉक्टरला तिनं स्वतः सांगितलं, आणि सांगताना माझं नाव टाळलं. मला वाचवलं तिनं.

काल जेवणानंतर त्या डॉक्टर मुलीनं मला बाहेर बोलावलं. मला वाटलं रागावेल. तिनं माझं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, बुधवारी तुमच्याही तपासण्या करू, उपाशीपोटी यायचं नाही. मी म्हटलं, माझं वय आता हे सगळं करायचं नाही. ती म्हणाली, हृदयाला वय सांगून बघा, ऐकतंय का. मी पहिल्यांदाच वादात हरले आणि मला बरं वाटलं. थोडंसंच.

मंडपातून मी नाव काढून घेतलंय. सरचिटणिसांना खरं कारण सांगितलं. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. वकीलबुवा मात्र उठले, म्हणाले, तुमच्या पाळीला मी बसतो, आणि माझी सतरंजी गुंडाळून माझ्या हातात दिली.

पोर वाचेल की नाही मला माहीत नाही. डॉक्टरलाही माहीत नाही. वाचली तरी ती गुबगुबीतच राहील, कदाचित आणखी भरेल, आणि बाहेर ते सगळे लोक असतीलच. मला तुला काही छान सांगता येत नाही. पण उद्या दुपारची पाळी मला एकटीला देऊ नकोस. मी तिच्यासमोर एकटी बसले तर ती जेवणार नाही, कारण मी जेवणार नाही, आणि ते तिला कळेल.

म्हणून तू ये. पार्लर बंद ठेव आणि ये. तीन ताटं मागव. तिच्यासमोर बस आणि माझ्याही समोर बस. मी टाळाटाळ करेन. आधी विनोद करेन, मग तुला त्या फोटोवरून टोचेन, मग भाषण करेन, आणि माझं भाषण चांगलं असतं, तुला पटेल. पटवून घेऊ नकोस. उत्तरही देऊ नकोस. तू आपला पहिला घास घे, आणि आम्हा दोघींची ताटं रिकामी होईपर्यंत खुर्चीवरून उठू नकोस.

ताई